किल्ट, पुडवे आणि पाहणाऱ्यांचे डोळे

मोपाच्या पठारावरचा विमानतळ 2023 च्या जानेवारीत सुरू झाला आणि देशोदेशीचे प्रवासी थेट पेडणे महालात उतरू लागले. त्यांपैकी एखादा स्कॉटलंडचा गृहस्थ गुडघ्याएवढा चौकडीचा किल्ट, पुढे लोंबणारी कातडी पिशवी आणि पायांत लोकरी मोजे अशा थाटात पेडण्याच्या बाजारपेठेतून चालत गेला, असे क्षणभर समजा. काय होईल? पोरे मागे लागतील. भाजीवाल्या एकमेकींना कोपराने डिवचतील. चहाच्या दुकानातील बाकावर बसलेला एखादा वयस्क गृहस्थ वर्तमानपत्र खाली करून त्या चुण्यांकडे टक लावून पाहील. आणि गंमत अशी, की पाहणाऱ्या त्या गृहस्थाच्या कमरेलाही चौकडीची लुंगीच असेल, आणि उकाड्यामुळे ती अर्धी दुमडून गुडघ्यांवर घेतलेली असेल! लांबी तीच, चौकडी तीच, उघड्या पोटऱ्याही त्याच. मग एकाने हसावे आणि दुसऱ्याने हसू करून घ्यावे, असे का व्हावे?

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. पुरुषाने कमरेखाली काय ल्यावे, ह्या साध्या गोष्टीवरून गोमंतकात आणि स्कॉटलंडात, जवळजवळ एकाच सुमारास, हुकूम निघाले, शिक्षा ठरल्या आणि माणसे एकमेकांपासून वेगळी पाडली गेली.

आधी वस्त्राकडे पाहू. मराठी भाषेने ह्या बाबतीत मोठा सूक्ष्म भेद राखला आहे. न शिवलेले वस्त्र आपण नेसतो आणि शिवलेले घालतो. धोतर, लुगडे, पंचा नेसायचा. सदरा, इजार, झगा घालायचा. किल्टला कोणते क्रियापद लावावे? मूळचा स्कॉच डोंगरी वेश हा निःसंशय नेसण्याचाच होता. कित्येक वार लांबीचे लोकरी कापड जमिनीवर पसरून त्याच्या चुण्या घालावयाच्या, त्यावर आडवे होऊन कमरेला पट्टा आवळावयाचा आणि उरलेला भाग खांद्यावर टाकावयाचा. रात्री तेच पांघरूण. पुढे अठराव्या शतकात खांद्यावरचा भाग काढून नुसता कमरेखालचा तुकडा राहिला आणि शतकाच्या अखेरीस त्याच्या चुण्या शिंपी शिवू लागला. आजच्या पूर्ण किल्टला सुमारे आठ वार कापड लागते. मागे घट्ट शिवलेल्या चुण्या, पुढे एकमेकांवर येणारे दोन सपाट पदर आणि बाजूस कातडी बंद अशी त्याची रचना असते. हा आखूड प्रकार स्कॉच मंडळींनी नव्हे, तर टॉमस रॉलिन्सन नावाच्या लँकशरच्या एका इंग्रज लोखंड-कारखानदाराने आपल्या मजुरांच्या सोयीसाठी काढला, असे 1785 साली प्रसिद्ध झालेल्या एका पत्रात म्हटले आहे. स्कॉच अभिमान्यांना ही कथा अर्थातच मानवत नाही आणि तो वाद अद्याप मिटलेला नाही.

गोव्यात धोतराला पुडवे म्हणतात. चार-साडेचार मीटरांचा तो सुती पट्टा शिंप्याच्या हाताशिवायच अंगावर बसतो. त्याचे मर्म काष्ट्यात आहे. दोन पायांमधून मागे नेऊन खोचलेला तो पदर म्हणजे जुन्या दृष्टीने पुरुषाची इभ्रत. काष्टा न घातलेला पुरुष धर्मकृत्याच्या दृष्टीने नग्नच, असे जुने शास्त्रकार मानीत. त्याला ‘मुक्तकच्छ’ असा शब्दच आहे. किल्टधारी माणूस पाहताच जगभर जो एक चावट प्रश्न लोकांच्या मनात येतो तो आमच्या शास्त्रकारांनी आधीच सोडवून ठेवला होता म्हणावयाचे! मात्र काष्टा ही केवळ पुरुषाची खूण नव्हे. मराठी स्त्रीच्या नऊवारीलाही काष्टा असतोच. त्या न्यायाने पाहता, नऊवारी लुगडे हे धोतराचे भावंड आणि किल्ट हे परकराचे. मराठी डोळ्याला किल्ट बायकी वाटतो तो गुडघे दिसतात म्हणून नव्हे. गुडघे तर शेतातल्या प्रत्येक गड्याचे दिसतात. शिवलेल्या चुण्यांचा गोल घेर आपल्याकडे मुलींच्या परकराला असतो, एवढेच त्याचे कारण आहे.

आता त्या हुकुमांविषयी. गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मन्यायासनाने, 14 एप्रिल 1736 रोजी एक लांबलचक जाहीरनामा काढला. अ. का. प्रियोळकर ह्यांनी 1961 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्याचा सविस्तर परिचय करून दिला आहे. बाटून ख्रिस्ती झालेल्या लोकांनी जुन्या चालीरीतींपैकी काय काय सोडले पाहिजे ह्याची ती यादीच आहे. लग्नातील विडे-सुपाऱ्या, विशिष्ट तिथींचे उपास, अंगणातली तुळस अशा शेकडो वर्षांच्या घरगुती गोष्टी तीत एकामागून एक येतात. आणि त्यांच्यातच पुरुषांनी पुडवे नेसू नये व स्त्रियांनी चोळी घालू नये, असेही आहे. ही बंदी चारचौघांतच नव्हे, तर घरातही होती.

घरात माणूस काय नेसतो हे राज्यकर्त्याने वा धर्माधिकाऱ्याने पाहावे, ह्यामागे भीती होती. नव्या ख्रिस्ती माणसाने पुडवे नेसले की तो शेजारच्या हिंदूसारखा दिसतो. सारखा दिसला की सारखा वागेल. सारखा वागला की परत जाईल. वस्त्राचा येशूच्या शिकवणुकीशी काही संबंध नव्हता. शुभवर्तमानात विजारीविषयी एक अक्षर नाही, आणि ज्या देशात ते शुभवर्तमान प्रथम सांगितले गेले तेथील पुरुषही सैल, घोळदार वस्त्रेच वापरीत. ख्रिस्ती धर्मातल्याच शहाण्या माणसांना हे कळत होते. रोबेर्तो दे नोबिली हा इटालियन जेझुइट पाद्री 1605 साली गोव्यात उतरला आणि पुढे मदुरेस जाऊन संन्याशाच्या भगव्या वस्त्रांत राहू लागला. त्याच्या ह्या वेशाने मदुरेतल्या लोकांना धक्का बसला नाही. बसला तो त्याच्याच धर्मबांधवांना! प्रकरण इतके चिघळले, की 1619 साली गोव्यात धर्माधिकाऱ्यांची सभा भरवावी लागली. शेवटी 1623 च्या जानेवारीत पंधराव्या ग्रेगरी पोपने नव्या ख्रिस्ती लोकांना जानवे, शेंडी, गंध इत्यादी चिन्हे काही अटींवर बाळगण्यास मोकळीक दिली. रोमहून जी उदारता एकदा आली होती ती शंभर-सव्वाशे वर्षांनी गोव्यातील न्यायासनाला आठवली नाही, ही खेदाची गोष्ट होय.

हुकूम निघाला म्हणून तो सर्वत्र पाळला गेला असे मात्र समजू नये. विजारीला कापड लागते, शिंपी लागतो आणि दोहोंना पैसे लागतात. भातशेतीच्या चिखलात वा होडीवर विजार घालून काम होत नाही. त्यामुळे साष्टी-बारदेशातील ख्रिस्ती कुणबी, गावडे व खारवी ह्यांच्या कमरेची काष्टी, म्हणजे लंगोटीवजा पट्टी, पार विसाव्या शतकापर्यंत सुटली नाही. विजार चढली ती आधी भाटकारांच्या, शिकलेल्यांच्या आणि नोकरदारांच्या पायांत. पाहता पाहता ती धर्माचीच नव्हे, तर प्रतिष्ठेचीही खूण झाली. कोंकणीत विजारीला ‘कालसांव’ हा पोर्तुगीज शब्दच रूढ झाला. मराठीतील ‘इजार’ शब्दाची गंमत ह्याहून निराळी आहे. मूळ अरबीत इजार म्हणजे कमरेला गुंडाळण्याचे न शिवलेले वस्त्र. आपल्याकडे येईपर्यंत तिला दोन पाय फुटले.

आता स्कॉटलंडकडे वळू. 1746 च्या एप्रिलमध्ये कलोडनच्या माळावर डोंगरी स्कॉच लोकांच्या बंडाचा निकाल लागला आणि त्याच वर्षी लंडनच्या पार्लमेंटने त्यांच्या वेशावर बंदी घालणारा कायदा केला. गोव्याच्या जाहीरनाम्यानंतर अवघी दहा वर्षे लोटली होती. किल्ट, खांद्यावरचा पट्टा, चौकडीचे टार्टन कापड, सगळे वर्ज्य. पहिल्या अपराधास सहा महिने तुरुंग, दुसऱ्यास सात वर्षे समुद्रापार हद्दपारी. कायदा 1747 च्या ऑगस्टपासून अमलात आला आणि 1782 च्या जुलैपर्यंत राहिला. पस्तीस वर्षे म्हणजे एक पिढी. बापाने नेसलेले वस्त्र मुलाने कधी नेसलेच नाही, अशी घरे त्यात निघाली असतील.

पण ह्या कायद्यात एक फट होती, आणि किल्टचे पुढचे सगळे भाग्य तिच्यातून आले. राजाच्या सैन्यातील डोंगरी पलटणींना किल्टची मुभा होती. बंडखोराच्या अंगावर जे वस्त्र गुन्हा होते तेच शिपायाच्या अंगावर गणवेश झाले. त्या पलटणी जगभर गेल्या, हिंदुस्थानातही आल्या. 1857 च्या नोव्हेंबरात लखनौच्या सिकंदरबागेवर तुटून पडलेले 93 व्या हायलंडर पलटणीचे शिपाई किल्टमध्येच होते. त्यांना पाहून कोणी हसले असेल असे वाटत नाही. हातात संगीन असलेल्या माणसाच्या घेराला कोण हसणार? पुढे ह्या देशातील अनेक पलटणींनी स्कॉच मशकबाजा आपलासा केला, पण किल्ट बहुधा घेतला नाही. सूर घेतला, घेर नाकारला. त्यातही आपली काष्ट्याची समजूत कोठेतरी काम करीत असावी.

सैन्यानंतर राजा आला. 1822 साली चौथा जॉर्ज एडिंबरोस गेला तेव्हा सर वॉल्टर स्कॉट ह्या कादंबरीकाराने स्वागताचा सारा थाट डोंगरी पद्धतीचा करविला आणि ह्या स्थूल राजाने स्वतः किल्ट घातला. खाली मात्र गुलाबी रंगाचे घट्ट पायमोजे चढविले, म्हणजे गुडघे दिसल्यासारखे दिसावेत आणि दिसूही नयेत! त्यावेळी थट्टा झालीच. तथापि राजाने घातल्यावर सरदारांनी घातला, सरदारांनी घातल्यावर सावकारांनी. पुढे राणी व्हिक्टोरियाने बालमोरलची इस्टेट घेतली आणि राजघराण्यात टार्टनचे पेवच फुटले. ज्या सखल भागातील स्कॉच लोक पूर्वी डोंगरी माणसाच्या उघड्या पायांना नाके मुरडीत, त्यांचीच नातवंडे लग्नाला किल्ट शिवून घेऊ लागली. आजही तेथे लग्नाचा नवरदेव किल्टमध्ये उभा राहिला तर कोणी वळून पाहत नाही.

पुडव्याला असा राजा मिळाला नाही आणि पलटणही मिळाली नाही. त्याला मिळाला तो पेडणे-डिचोलीसारखा आडोसा. इतिहासाचा योगायोग पाहा. ज्या वर्षांत स्कॉटलंडातील वेशबंदी उठली त्याच सुमारास, 1781 ते 1788 ह्या काळात, डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे प्रदेश सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेले. परंतु आता जुना जोश उरला नव्हता. नव्या काबिजादीतील लोकांची देवळे व रीतिरिवाज ह्यांना हात लावावयाचा नाही असे धोरण ठरले. पुढे 1853 साली तेथील हिंदूंचे रिवाज लेखनिविष्टही करण्यात आले. इन्क्विझिशन 1812 साली कायमचे बंद झाले. परिणाम असा झाला, की शापोऱ्याच्या नदीच्या दक्षिण तीरावर, बारदेशात, विजार ही सभ्यतेची खूण ठरली आणि उत्तर तीरावर, पेडण्यात, पुडवे निर्वेधपणे चालू राहिले. मध्ये नदीचे पात्र काय ते. त्या काळी तरीतून पलीकडे जाणाऱ्या माणसाकडे पाहणाऱ्यांची नजर पाण्याच्या मध्यावरच बदलत असेल!

तरीही पेडण्यातून वा डिचोलीतून पुडवे रोजच्या व्यवहारातून गेलेच. ते कोणत्याही हुकमाने गेले नाही. मुंबईच्या नोकऱ्यांनी, शाळांनी आणि डिचोलीच्या लोखंडाच्या खाणींनी ते नेले. फिरत्या यंत्राच्या पट्ट्याजवळ सोगा घेऊन उभे राहणे जिवावरचे काम. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला तेव्हा पुडवे नेसण्याला कोणाचीच आडकाठी उरली नव्हती; परंतु ते नेसण्याची हौसही तरुणांत उरली नव्हती. आडकाठीपेक्षा लाजेची शक्ती मोठी असते, आणि ती लाज कोणी कागदावर लिहून काढीत नाही.

आज ते वस्त्र कोठे टिकले आहे हे पाहिले तर मौज वाटते. डिचोली तालुक्यात शिरगावला वैशाख शुद्ध पंचमीला लईराई देवीची जत्रा भरते. हजारो धोंड उघड्या अंगाने, कमरेला धोतर वा सोवळे, गळ्यात मोगऱ्याचे हार आणि हातात वेताची काठी घेऊन येतात आणि पहाटे होमकुंडातील निखाऱ्यांवरून चालतात. त्यांच्यात कचेरीतील कारकून असतात, मोटारचालक असतात, कॉलेजातील पोरेही असतात. त्या दिवशी त्यांच्या उघड्या पायांकडे पाहून हसण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. शिमग्यात ह्याच भागात, डिचोली, पेडणे आणि सत्तरीत, घोडेमोडणी होते. नाचणाऱ्याच्या कमरेला लाकडी घोड्याचे मुंडके असलेली चौकट बांधतात आणि तिच्याभोवती रंगीत कापडाचा घेर सोडतात. डोक्याला मुंडासे, एका हातात लगाम, दुसऱ्यात तलवार. पोर्तुगीजांशी झुंजलेल्या राण्यांच्या पराक्रमाची ती आठवण मानतात. पुरुषाच्या कमरेखाली घेरदार वस्त्र, तेही भर रस्त्यात आणि ढोल-ताशांच्या गजरात! पण त्याला बायकी कोण म्हणेल? पेडण्याचे दशावतारी तर लुगडे नेसून स्त्रीपार्ट करतात आणि रात्रभर प्रेक्षकांना खिळवून ठेवतात.

ख्रिस्ती घरांतही असेच आहे. पाद्रीबाब घोट्यापर्यंतचा पांढरा झगा घालून गावातून सायकलीवर वा स्कूटरीवर गेला तर लोक आदराने थांबतात. फेस्ताच्या दिवशी कोन्फ्रारियाचे पुरुष विजारीवर झगे चढवून मिरवणुकीत चालतात. त्यांना तो घेर वाटतच नाही. डोळ्यांना प्रसंग कळला की वस्त्राचा आकार दिसेनासा होतो. किल्टवाल्या पाहुण्याची खरी अडचण ही आहे, की त्याच्या वस्त्राचा प्रसंग पेडण्याच्या बाजाराला ठाऊक नाही. तो देवाचा नाही, नाटकाचा नाही, शेताचा नाही. मग उरतो तो केवळ आकार, आणि आकाराला पोरे हसतात.

हसणे निरुपद्रवी असते तोपर्यंत ठीक. दार बंद होते तेव्हा गोष्ट निराळी होते. चेन्नईच्या एका क्रिकेट क्लबात 2014 च्या जुलैमध्ये उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना वेष्टी, म्हणजे तमिळ पद्धतीचे धोतर, नेसून आल्याबद्दल प्रवेश नाकारण्यात आला. इंग्रज जाऊन सदुसष्ट वर्षे झाली तरी त्यांच्या वेशाचा पहारेकरी दारावर उभाच होता! त्याच वर्षी तमिळनाडूच्या विधानसभेने अशा अडवणुकीस मनाई करणारा कायदा केला. ह्याच्या उलट गोव्यातील अनेक देवळांत आता आखूड चड्डीतील प्रवाशाला आत सोडीत नाहीत. विजारीच्या देशातून आलेल्या माणसाने देवळात जाण्यासाठी कमरेला लुंगी गुंडाळावी, हा 1736 च्या जाहीरनाम्याला काळाने दिलेला जबाब म्हणावा काय? तसे म्हणण्याचा मोह होतो. परंतु पाहुण्याच्या पायांवर पहारा ठेवणे हा देखील पहाराच आहे, हे विसरता येत नाही.

किनाऱ्यावर चित्र पुन्हा वेगळे. हरमल, मांद्रे, मोरजी ही पेडणे तालुक्यातीलच गावे. तेथे गेली काही दशके परदेशी माणूस लुंगीत, पंचात, कधी नुसत्या रंगीत फडक्यात वावरतो. दुकानदार त्याच्या वस्त्राकडे पाहत नाही, खिशाकडे पाहतो. किल्टवाला तेथे गेला तर त्याला फार तर उकाड्याविषयी कोणी दोन शब्द सांगेल, आणि ते योग्यच ठरेल. कारण जाड लोकरीचे आठ वार कापड मे महिन्यातील दमट हवेत कमरेला बाळगणे हे तप आहे. सुती लुंगीला वारा लागतो, ती घामाने भिजली तर घटकेत वाळते, चिखल आला तर वर खोचता येते. किल्ट थंड, ओल्या डोंगरांतील चालण्यासाठी जन्मला. तेथे लोकर भिजली तरी ऊब सोडीत नाही आणि विजारीचे ओले पाय पोटऱ्यांना चिकटून बसत नाहीत. ज्या त्या हवेने ज्याचे त्याचे शहाणपण शिकविले आहे.

किल्टची एक युक्ती मात्र गोमंतकीय शिंप्यांनीही उचलली आहे. स्कॉच शिंप्याने चुण्या कायमच्या शिवून टाकल्या आणि नेसण्याची कटकट संपविली. तसे आता बाजारात चुण्या घालून शिवलेले, कमरेला नाडी वा इलॅस्टिक असलेले तयार धोतर मिळते. मुंजीला, लग्नाला, जत्रेला ते दोन मिनिटांत पायांत चढविता येते. जुने लोक त्याला नाके मुरडतात. व्याकरणाची तर पंचाईतच झाली आहे. धोतर आता घालावयाचे की नेसावयाचे? पण पोरे ते घालतात आणि त्यात नाचतातही. शिमग्याच्या रात्री घोडेमोडणी आटोपली की कमरेचा घोडा देवळात ठेवला जातो, घेर उतरतो, मुंडासे पिशवीत जाते. आणि मघाचा तो स्वार खुंटीवरची जीनची पँट चढवून, मोटारसायकलला किक मारून, डिचोलीच्या रस्त्याने घरी जातो.